पोती ओतू नयेत, चिठ्ठी द्यावी

मे २००९. गोव्याच्या सत्तरी तालुक्यात लागोपाठ दोन रात्री वळवाचा पाऊस झोडपून गेला होता आणि वाळपईच्या आमच्या खरेदी केंद्रावर सकाळपासून भिजलेली काजूबी येत होती. मार्चमध्ये हंगाम सुरू होतो तेव्हा बी खडखडीत कोरडी असते. पावसात सापडली की ती काळवंडते, वजनाला जड लागते आणि साठवली तर बुरशी धरते. म्हणून तिचा दर कमी. त्या दिवशी दोन्हींत किलोमागे १२ रुपयांचा फरक होता.

दुपारी तीनच्या सुमारास एक वयस्क शेतकरी खिडकीशी परत आले. सकाळीच माल घालून, पैसे घेऊन गेले होते. त्यांनी काही नोटा आणि सुटे पैसे काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "बाय, म्हजी बी भिजिल्ली. तुमी पयशे चड दिल्यात." पावतीवर ३८ किलो बी होती, सगळीच्या सगळी कोरड्या दराने. ४५६ रुपये जास्त गेले होते. बसमध्ये बसल्यावर त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला, होंड्याला उतरले आणि उलटी बस पकडून परत आले.

ती पावती मी पर्ल या संगणकभाषेत लिहिलेल्या स्क्रिप्टने छापली होती. त्या दिवसापासून सबरूटीनमधून, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्यातून, काय परत करायचं आणि कसं, याबद्दल मी फार काटेकोर झाले. आता माझी भाची सुट्टीत माझ्याबरोबर केंद्रावर येते, स्क्रिप्ट वाचते, प्रश्न विचारते. तिला समजावताना जे तोंडून निघालं ते इथे लिहून ठेवते आहे. मराठीत हे कुणी लिहिलेलं मला सापडलं नव्हतं, तेव्हा फार शोधलं होतं.

आधी काय घडलं ते सांगते. पाऊस पडला म्हणून त्याच सकाळी मी एक नवं सबरूटीन लिहिलं. शेतकऱ्याचा क्रमांक द्यायचा, ते दिवसाच्या फाइलमधून त्याच्या नोंदी काढणार आणि दोन अ‍ॅरे, म्हणजे क्रमाने मांडलेल्या दोन याद्या, परत करणार: एकात कोरड्या बीची वजनं, दुसऱ्यात भिजलेल्या बीची. शेवटच्या ओळीत रिटर्न, पुढे कंसात दोन्ही अ‍ॅरे. बोलावणाऱ्या बाजूला डावीकडे तसेच दोन अ‍ॅरे मांडलेले. दिसायला अगदी सरळ. वॉर्निंग्ज चालू होत्या, तरी पर्लने चकार शब्द काढला नाही.

पर्लचं सबरूटीन दोन अ‍ॅरे परत करूच शकत नाही. ते एक सपाट लिस्ट परत करतं, बस. दोन्ही अ‍ॅरेंमधल्या किमती (पैसे नव्हेत, आत ठेवलेली मूल्यं; इथे वजनं) एकामागोमाग एक त्या लिस्टमध्ये ओतल्या जातात आणि कुठली कुणाची ही खूण तिथेच पुसली जाते. मग डावीकडचा पहिला अ‍ॅरे ती सगळी लिस्ट घेतो, कारण अ‍ॅरेला "पुरे" म्हणता येत नाही. दुसऱ्याच्या वाट्याला काहीच उरत नाही. माझ्याकडे भिजलेल्या बीचा अ‍ॅरे प्रत्येक शेतकऱ्यासाठी रिकामा होता आणि सगळी बी कोरड्यात जमा झाली होती.

सर्वांत घातक गोष्ट म्हणजे वजनाचा ताळा जुळत होता. काट्यावरच्या वहीत दिवसाची बेरीज १,८४६ किलो, माझ्या गोषवाऱ्यातही १,८४६. किलो हरवले नव्हते, फक्त चुकीच्या घरात गेले होते. त्यांतले ४१२ किलो भिजलेले, म्हणजे एका दिवसात ४,९४४ रुपये जास्त वाटले गेले. गोषवाऱ्याच्या दुसऱ्या रकान्यात ठळक शून्य छापलेलं होतं. मी ते पाहिलं होतं, पण बेरीज जुळली म्हणून त्यावर नजर थांबली नाही. संध्याकाळी अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्या कुणाकडून वसुली करायची नाही असं ठरवलं आणि फरक संस्थेच्या खात्यात टाकला. त्या आजोबांनी आणून दिलेले पैसे मात्र त्यांनी स्वतः पावती करून घेतले, कारण आजोबा ते परत न्यायला तयार नव्हते.

भाचीला मी हे गोदामाच्या भाषेत सांगितलं. दोन शेतकऱ्यांची दोन पोती आली. दोन्ही एकाच राशीत ओतलीस, तर आता सांग, कुठली बी कुणाची? म्हणून आम्ही पोतं ओतत नाही. पोतं फळीवर ठेवतो, फळीचा क्रमांक चिठ्ठीवर लिहितो आणि आत ऑफिसात चिठ्ठी पाठवतो. पर्लमधला रेफरन्स म्हणजे ही चिठ्ठी. अ‍ॅरेच्या आधी बॅकस्लॅश लावला की त्याची चिठ्ठी मिळते. नाहीतर किमती चौकोनी कंसात लिहिल्या की नवा बिननावाचा अ‍ॅरे तयार होऊन त्याची चिठ्ठी हातात येते. महिरपी कंस वापरले तर हॅशची, म्हणजे प्रत्येक किमतीला नावाची चावी असलेल्या यादीची. चिठ्ठी ही एकच किंमत असते, स्केलर. दोन चिठ्ठ्या परत केल्या तर लिस्टमध्ये दोनच गोष्टी असतात, आणि डावीकडे दोन स्केलर मांडले की ज्याची त्याला पोचते. वजनं हवी असतील तेव्हा चिठ्ठी घेऊन फळीवर जायचं.

ही सोय पर्लला पहिल्यापासून नव्हती. लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पहिली आवृत्ती सोडली तेव्हा रेफरन्स नव्हते. ते १९९४ च्या पर्ल ५ मध्ये आले. त्याआधी लोक टाइपग्लोबच्या, म्हणजे पर्लच्या आतल्या नावांच्या नोंदींच्या, कसरती करून अ‍ॅरे इकडून तिकडे नेत असत. सपाट लिस्ट हा पर्लचा मूळ स्वभाव आहे आणि रेफरन्स नंतर आलेले, हे कळल्यावर मला त्या भाषेचा राग यायचा थांबला.

भाचीचा पहिला प्रश्न फार चांगला होता. तिला कॉलेजात सी शिकवतात. ती म्हणाली, "मावशी, फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलचा पत्ता बाहेर द्यायचा नसतो ना? फंक्शन संपलं की ती जागाच जाते." सीमध्ये ते अगदी खरं आहे. पर्लमध्ये तसं होत नाही. सबरूटीनच्या आत 'माय' (हे नाव तेवढ्या भागापुरतंच, असं सांगणारा शब्द) लावून घोषित केलेल्या अ‍ॅरेची चिठ्ठी बाहेर कुणाच्या हातात असेल, तर पर्ल तो अ‍ॅरे मोडत नाही. प्रत्येक वस्तूच्या किती चिठ्ठ्या बाहेर आहेत ते पर्ल मोजत असतं, आणि शेवटची चिठ्ठी फाटली की मगच फळी रिकामी करतं. शिवाय सबरूटीन पुन्हा बोलावलं की 'माय'चा अ‍ॅरे कोरा मिळतो. त्यामुळे प्रत्येक शेतकऱ्याची चिठ्ठी वेगळ्या पोत्याची असते.

पण तो 'माय' आत असला पाहिजे. २०११ मध्ये मी स्वतः हा फटका खाल्ला आहे. अ‍ॅरे सबरूटीनच्या बाहेर, फाइलच्या वरच्या भागात घोषित केला होता; आत तो रिकामा करून नव्याने भरायचा आणि त्याचा रेफरन्स परत करायचा असा प्रकार. मेमरी वाचेल असं वाटलं होतं. हंगामाची यादी छापली तर ६० शेतकरी, ६० नावं, आणि सगळ्यांच्या नोंदी एकसारख्या: गुळेलीच्या शेवटच्या शेतकऱ्याच्या. साठ चिठ्ठ्या वाटल्या होत्या, सगळ्यांवर एकाच फळीचा क्रमांक. चिठ्ठीची नक्कल केली म्हणून पोत्याची नक्कल होत नाही. तेव्हापासून कुणी मला रेफरन्स परत करणारं सबरूटीन दाखवलं की मी आधी घोषणा कुठे आहे ते बघते, मग बाकीचं वाचते.

दोन चिठ्ठ्या क्रमाने परत करण्याची पद्धतही मी पुढे सोडली. कारण तिसऱ्या हंगामात आदल्या वर्षीची जुनी बी वेगळी धरायला सांगितलं गेलं. मी तिसरा अ‍ॅरे जोडला, पण दोन ठिकाणी आधी, एका ठिकाणी नंतर. क्रम लक्षात ठेवायचा म्हटलं की तो कधीतरी चुकतोच. आता माझं सबरूटीन एकच हॅश रेफरन्स परत करतं. त्यात 'कोरडी', 'भिजलेली', 'जुनी' अशा चाव्या आणि प्रत्येक चावीसमोर वजनांच्या अ‍ॅरेची चिठ्ठी. बोलावणारा नावाने मागतो. उद्या चौथा प्रकार आला तरी जुना कोड हलत नाही.

हॅश तसाच, रेफरन्स न करता, परत करता येतो का? येतो, पण तो सपाट होऊन जातो: चावी, किंमत, चावी, किंमत. पलीकडे हॅशमध्ये पकडला तर पुन्हा उभा राहतो. त्याच्या पुढेमागे आणखी काही परत केलं की मात्र सगळं त्यात मिसळतं. क्रमाचा तर भरवसाच नाही. २०१३ च्या पर्ल ५.१८ पासून प्रत्येक वेळी स्क्रिप्ट चालवताना चाव्यांचा क्रम मुद्दाम बदलता ठेवला आहे. आमच्याकडे गावांची यादी एके दिवशी केरी, नगरगाव, पर्ये अशी आणि दुसऱ्या दिवशी भलतीच छापली जाई. काट्यावरच्या मुलाला वाटे की फाइल बिघडली. चाव्या सॉर्ट करून घ्याव्यात.

आता मला सगळ्यांत प्रिय असलेला भाग.

आंबा पडला, आंबे पडले. शब्दच सांगतो, एक की अनेक. पण काजू? काजू पडला, काजू पडले. शब्द तोच, एक आहे की रास, हे क्रियापदावरून कळतं. पर्लचं सबरूटीन हे काजूसारखं आहे. बोलावणारा कुठल्या क्रियापदाने बोलावतो त्यावर एक मिळणार की अनेक ते ठरतं. डावीकडे अ‍ॅरे असेल तर लिस्टची अपेक्षा, स्केलर असेल तर एकाच किमतीची. याला कॉन्टेक्स्ट म्हणतात. लॅरी वॉल भाषाशास्त्र शिकलेले आहेत, आणि इथे ते जाणवतं. सबरूटीनला आतून विचारताही येतं की मला कसं बोलावलंय: 'वॉन्टअ‍ॅरे' लिस्ट हवी असेल तर खरं देतं, एकच किंमत हवी असेल तर खोटं, आणि परत आलेल्याचा कुणी वापरच करणार नसेल तर अनडेफ, म्हणजे 'किंमतच नाही' अशी खूण.

मराठी माणसाला ही कल्पना आपली वाटावी अशीच आहे. तरीही माझ्या हिशेबाच्या कोडमध्ये मी तिच्यावर विसंबत नाही, आणि त्याची कारणं पैशांशी जोडलेली आहेत. एका शेतकऱ्याची वजनं देणारं सबरूटीन अ‍ॅरे परत करत होतं. एका ठिकाणी मी चुकून उत्तर स्केलरमध्ये घेतलं. तीन नोंदी होत्या, ६२ किलोच्या. स्केलरमध्ये आला ३. अ‍ॅरे स्केलर म्हणून मागितला की त्याची संख्या मिळते. आणि तीच वजनं अ‍ॅरेऐवजी स्वल्पविरामांनी लिहून किंवा अ‍ॅरेचा काप काढून परत केली, तर स्केलरमध्ये संख्या येत नाही, शेवटची किंमत येते. रिटर्नची ओळ दिसायला जवळजवळ तीच, उत्तर वेगळं. भाचीने हे तीनदा चालवून पाहिलं, कारण तिचा विश्वास बसेना. रेफरन्स परत केला की हा प्रश्नच उरत नाही. चिठ्ठी कुठल्याही क्रियापदाने मागा, चिठ्ठीच मिळते.

आणि काहीच परत करायचं नसेल तेव्हा? नुसतं 'रिटर्न' लिहिलं तर स्केलरमध्ये अनडेफ मिळतं आणि लिस्टमध्ये रिकामी लिस्ट. बहुतेक वेळा हेच योग्य. 'रिटर्न अनडेफ' लिहिलं तर लिस्टमध्ये एक घटक असतो, त्यात अनडेफ; मग अ‍ॅरे रिकामा आहे का असं विचारलं तर उत्तर "नाही". म्हणून जाणकार नुसतं रिटर्न लिहायला सांगतात, आणि मीही लिहायचे.

मग मोबाइलवर संदेश पाठवायचं काम आलं. शेतकऱ्याचा हॅश एका दमात भरत होते: नाव, फोन, खाते, गाव. फोन आणि खाते क्रमांक वेगळ्या सबरूटीनमधून यायचे, आणि नोंद नसेल तर ती नुसतं रिटर्न करायची. हॅश भरण्याची जागा म्हणजे लिस्ट कॉन्टेक्स्ट. फोन नसलेल्या शेतकऱ्याचं फोनचं घर रिकाम्या लिस्टने भरलं, म्हणजे भरलंच नाही, आणि मागचं सगळं एक पाऊल पुढे सरकलं. 'फोन' या चावीची किंमत झाली 'खाते' हा शब्द. खाते क्रमांक स्वतःच चावी झाला. अशा वेळी घटकांची संख्या विषम होते आणि पर्ल तशी वॉर्निंग देतं, तेवढा आधार असतो. पण फोन आणि खाते दोन्ही नसतील तर? दोन घरं गळाली, संख्या पुन्हा सम. फोन म्हणजे 'खाते', गाव बरोबर, वॉर्निंग नाही. डोंगराकडच्या वाड्यांवरच्या ज्या माणसांकडे ना फोन ना बँक खातं, नेमक्या त्यांच्याच नोंदी गुपचूप बिघडत होत्या. हे मला अजून बोचतं. ज्याच्याकडे तक्रार करायला फोन नाही त्याचाच हिशेब चुकणं, यापेक्षा वाईट चूक माझ्या कामात दुसरी नाही.

हीच जात मोठमोठ्या ठिकाणीही सापडली आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये बगझिला या बग नोंदवण्याच्या प्रसिद्ध प्रणालीत सुरक्षेचं मोठं छिद्र जाहीर झालं. तिथे वेबफॉर्ममधली किंमत देणारी 'पॅरम' ही मेथड खातं तयार करताना लिस्ट कॉन्टेक्स्टमध्ये बोलावली जात होती. कुणी नावाचं एकच घर अनेकदा भरून पाठवलं की मेथड अनेक किमती परत करायची, आणि त्या जास्तीच्या किमती शेजारच्या चाव्यांवर चढून बसायच्या. माझ्याकडे किमती कमी पडून घरं सरकली, तिथे जास्त येऊन. त्यानंतर 'पॅरम' ज्यात आहे त्या, वेबफॉर्म हाताळणाऱ्या सीजीआय मॉड्यूलमध्ये 'पॅरम' लिस्ट कॉन्टेक्स्टमध्ये बोलावल्यास वॉर्निंग येऊ लागली आणि अनेक किमतींसाठी वेगळी मेथड आली. २०१५ च्या ५.२२ पासून ते मॉड्यूल पर्लच्या मूळ संचातूनही गेलं.

म्हणून माझे नियम नुसतं रिटर्न करण्याच्या सर्वमान्य सल्ल्यापेक्षा थोडे वेगळे आहेत. एकच किंमत देणारं सबरूटीन, फोनसारखं, सापडलं नाही तर स्पष्ट अनडेफ परत करतं, म्हणजे त्याचं घर कधी गळत नाही. अनेक किमती देणारं सबरूटीन नेहमी रेफरन्स परत करतं, नोंदी नसतील तर रिकाम्या अ‍ॅरेचा. बोलावणाऱ्याला "आहे का" असं विचारावंच लागत नाही, रिकाम्या अ‍ॅरेवर लूप शून्य वेळा फिरतो. याबाबत माझ्याशी दुमत असलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या कोडच्या जागी त्यांचं बरोबरही असेल.

भाची पायथॉन लिहिते. तिथे दोन याद्या स्वल्पविराम देऊन परत केल्या की त्यांचं टपल होतं आणि दोन्ही आपापल्या जागी अखंड राहतात. "मग सगळं पायथॉनमध्ये का नाही लिहीत?" तिचा दुसरा प्रश्न. हिशेबाचा हा कोड २००६ पासून चालू आहे, आणि त्यातल्या प्रत्येक चुकीची जागा मला ठाऊक आहे. शिवाय नवी पर्लही आता वाचायला सोपी झाली आहे. पूर्वी चिठ्ठीवरून पोतं उघडताना महिरपी कंसांची उतरंड आतून बाहेर वाचावी लागायची. २०१४ च्या ५.२० मध्ये चिठ्ठीपुढे बाण देऊन शेवटी अ‍ॅट आणि तारा लिहिण्याची पद्धत प्रयोग म्हणून आली, २०१६ च्या ५.२४ मध्ये पक्की झाली. आता डावीकडून उजवीकडे, बोलावं तसं वाचता येतं. केंद्रावरचा संगणक बदलला त्या आठवड्यात मी जुन्या उतरंडी एकेक करून उलगडल्या.

गेल्या शनिवारी भाचीने एक चाचणीची फाइल बनवली. चार शेतकरी: एकाकडे फोन आणि खातं दोन्ही, एकाकडे फक्त फोन, एकाकडे फक्त खातं, एकाकडे दोन्ही नाहीत. प्रत्येकाची थोडी बी कोरडी, थोडी भिजलेली, आणि शेवटच्याची फक्त भिजलेली, ३८ किलो. ती संख्या तिने मला न विचारता घातली. जुन्या सबरूटीनवर फाइल चालवली, चौथ्याची पावती सगळी कोरड्या दराने आली. नव्यावर चालवली, दुसऱ्या रकान्यात ३८ आला. दोन्ही कागद तिने वहीत चिकटवले, आणि आम्ही पाचची कदंब बस पकडून डिचोलीला निघालो.